चारही कोपरे

माझ्या साळ्याइतका लग्नपत्रिकांचा लोभी माणूस या नव्या राजधानीत काय, जुन्या अख्ख्या मध्यप्रदेशात नव्हता. बायकोचा मावसभाऊ तो. रेल्वेतून रिटायर झालेला, बिनलग्नाचा, इथं गुढियारी मोहल्ल्यात आमच्याच गल्लीत राहायचा. पत्रिका हातात आली की नवरानवरी कोण ते न बघता आधी उलटवायचा, अन् मागची बाजू कोरी दिसली की याचंच लग्न ठरल्यासारखा हसायचा. एकदा तर भर पंगतीत नवरीच्या बापाला म्हणाला, "उरल्या असतील तर मले द्या." त्या भल्या माणसानं पुऱ्या आणून वाढल्या.

त्या पत्रिका कापून तो आमच्या ओट्यावर गल्लीतल्या पोट्ट्यांकडून दिवाळीची कार्डं बनवायचा. पोट्टे त्याला मामाजी म्हणत. रंग आमच्या घरचे, हळद, नीळ, बिटाचा रस. चिकटवायला भाताची पेज. भेंडी आडवी कापून तिचे ठसे मारायचा. बायको ओरडायची, "भाजीले देठंच ठेवतं का रे?" तो म्हणायचा, "ताई, हे फूल तर पाह्य," अन् तीही पदर खोचून ठसे मारत बसायची. मी देठं खायचो. रंग बघताना त्याला भान राहत नसे. रेल्वेचं फाटक उघडून जायचं, मागचे हॉर्न वाजवायचे, हा सायकल धरून ढगातला जांभळा बघत उभा. राज्य नवं झालं तेव्हा त्यानं पोट्ट्यांकडून राज्यालाच वाढदिवसाचं कार्ड बनवून घेतलं. द्यायचं कोणाला? चौकातल्या ट्रॅफिकवाल्याला दिलं. त्यानं शिट्टी काढून ते सावकाश वाचलं, तोवर चारी रस्ते थांबून राहिले.

मग बायको गेली. दिवाळी आली तसं मी त्याला बजावलं, "आमचा यंदा सण नाही. कार्ड आणशील तर दारातून परत पाठवीन." तो नुसता "हव" म्हणाला.

दिवाळीच्या संध्याकाळी दार वाजलं. तो, अन् पुढे शेजारची पोट्टी, हातात कार्ड.

"तुले काय सांगितलं होतं?"

"मी नाही आणलं, भाऊजी. इनं आणलं."

"दादी के लिए है," पोट्टी म्हणाली. माझ्या बायकोला ती दादी म्हणायची.

कार्डाचा एक कोपरा कापून परत चिकटवलेला होता. मी विचारलं, हे काय?

"मैंने काटा था. नानी बोलती है, जिसके घर कोई खतम हो जाता है, उसकी चिट्ठी का कोना कटा रहता है. तो मामाजी रोने लगे. फिर चिपका दिए."

आमच्याकडे तसलं पत्र वाचून लगेच फाडतात, घरात ठेवत नाहीत. तो खाली बघत म्हणाला, "कापलेलं ठेवता येत नाही ना, भाऊजी. मले वाटलं, हे राहावं."

मी कार्ड घेतलं. म्हणालो, "पेज पातळ झाली तुही. पडते हा कोपरा."

"पडू द्या. मी येतो लावाले."

अन् यायचा. पुढे म्हातारपणी तो वर्ध्याला भावाकडे गेला. तिथून एक दिवस त्याच्या भावाचं, कोपरा कापलेलं पत्र आलं. वाचलं, अन् रीतीप्रमाणे फाडलं. बायकोच्या फोटोखालचं कार्ड तसंच आहे. पावसाळ्यात त्याचा कोपरा सुटतो. भात टाकला की मी थोडी पेज बाजूला ठेवतो, लावतो, अन् वाळेपर्यंत अंगठ्यानं दाबून बसतो. तेवढा वेळ दार उघडं असतं.