नफ्यातले दोन टक्के

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला की रस्त्याच्या कडेला ढीग लागतात. कोणी उचलत नाही, कोणी विचारत नाही. माझ्याकडे किस्से तसेच साठलेत. फरक एवढाच, की टोमॅटोला निदान कधीतरी भाव आलेला असतो!

आधी माझं सांगतो. मी बरीच वर्षं चाकणकडच्या एका सॉस-जॅमच्या कारखान्यात होतो. घर बोरी बुद्रुकला, नोकरी तिकडे, बायकोचं तोंड रविवारी. शेवटी कंटाळून गावी आलो आणि 'अन्नप्रक्रिया सल्लागार' अशी पाटी लावली. आमच्या जुन्नर-आंबेगावात सध्या घरटी एक स्टार्टअप आहे. म्हटलं, चालेल आपलं दुकान. मंदानं, म्हणजे बायकोनं, मुदत घातली. "दिवाळीपर्यंत एक तरी फी रोख घरात आली पायजे. न्हाईतर परत चाकण!" कारखान्यानं जागा धरून ठेवली होती. मला मेलो तरी परत जायचं नव्हतं.

पाटी लावल्यापासून माणसं भरपूर आली. फी मात्र कोणी आणली नाही.

* * *

पहिला आला प्रतीक. आमच्याच भावकीतला, एमबीए झालेला, टोमॅटो पावडर करणारा. त्याच्या पावडरीचे दगड व्हायचे. मी दोन दिवस त्याच्या शेडमध्ये उभा राहिलो. पोरगं घाईघाईत ड्रायर फुल्ल तापवत होतं. चकती वरून कडक, आतून ओली. मी म्हटलं, "पातळ काप आणि मंद वाळव." पावडर भुरूभुरू पडायला लागली.

मी फीचा विषय काढला. त्यानं माझे पाय धरले!

"काका, फी दिऊन मी तुमचा अपमान न्हाई करनार. तुमी आमचे ॲडव्हायजर. नफ्यातले दोन टक्के तुमचे!"

"नफा कधी?"

"तिसऱ्या वर्षी. प्रेझेंटेशनमदी तसंच हाय."

घरी येऊन मंदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "आसं करा, वायरमन आला की तुमीच बोला त्याच्याशी. म्हनावं, बिल तिसऱ्या वर्षी."

* * *

मला संताप कशाचा येतो सांगू? त्याच प्रतीकनं शेडसाठी जागा सपाट केली, तेव्हा जेसीबीवाल्याला तासाचे पैसे मोजले. वेल्डरला ॲडव्हान्स दिला. पुण्यात लोगो काढून घेतला, त्याचे निम्मे पैसे आधी. टक्के फक्त डोकं वापरणाऱ्याला! जेसीबीवाल्याला दोन टक्के देऊन बघ म्हणावं, शेडसकट उचलून नेईल.

* * *

दुसऱ्यानं बिबट्याचा भोंगा काढला होता. आमच्याकडे उसात बिबट्या, गोठ्यात बिबट्या, त्यामुळे कल्पना वाईट नव्हती. गोठ्याजवळ काही हललं की भोंगा वाजायचा. पण तो कुत्र्याला वाजायचा, मांजराला वाजायचा आणि मालकाची सासू बाहेर आली की सर्वांत मोठ्यानं वाजायचा.

मी म्हटलं, "अरे, माझा धंदा टोमॅटोचा. मला भोंग्यातलं काय कळतं?"

"काका, तुमी फकस्त नाव द्या. पाच टक्के!"

त्यानं मला 'ॲडव्हायजर' असं लिहिलेलं, लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट दिलं. चार महिन्यांत भोंगे खपले, बऱ्यापैकी खपले. मी आशेनं विचारलं. तो म्हणाला, "नफा झालाच न्हाई ना राव!"

दारात नवीकोरी जीप उभी होती. बॉनेटवर बिबट्याचं चित्र.

"आणि ही?"

"हा खर्च हाय काका. ब्रँडिंग!"

* * *

माझा मित्र सुधीर मंचरला अकाउंटंट आहे. त्याचं दुखणं माझ्याहून भारी. एका कृषी पर्यटनवाल्यानं त्याला हिशोब ठेवण्याच्या बदल्यात नफ्यातला वाटा कबूल केला. तंबू, चुलीवरचं जेवण, बैलगाडीची फेरी, शनिवार-रविवार पुण्याच्या गाड्यांची रांग. सुधीर खूश. आम्हाला दोनदा मिसळही खाऊ घातली त्यानं, वाटा येणार म्हणून. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

मार्चमध्ये मालक आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "सुधीरशेठ, औंदा तोटा दाखवा. टॅक्स लई बसतोय."

सुधीर सांगताना अजून टेबलावर हात आपटतो. "अरे, माझा वाटा मला माझ्याच हातानं मारायला सांगतो! आणि वर म्हणतो, 'तुमी आपले पार्टनर ना?'"

सुधीरनं त्याला दुसरा अकाउंटंट शोधायला सांगितलं. निघता निघता मालकानं विचारलं, "त्यो टक्क्यावर करील का?"

* * *

एकानं तर मला आणि सुधीरला ओझरला नेलं. नाचणीच्या बिस्किटांचा स्टार्टअप, नाचणी डोंगरातल्या आहुपे गावातून आणायची. विघ्नहराच्या गाभाऱ्यासमोर हात जोडून म्हणाला, "देवासमोर शब्द देतो. नफ्यातले तीन-तीन टक्के!"

नारळाचे पैसे सुधीरनं दिले. हाराचे मी. परत येताना गाडीत पेट्रोलही आम्हीच टाकलं, कारण त्याचं पाकीट घरी राहिलं होतं. नाचणीवाल्या आहुपेकरांनाही त्यानं टक्केच सांगितले, असं पुढे कळलं. त्यांनी पोती परत गाडीतून उतरवून घेतली. आम्हाला उतरवून घ्यायला काही नव्हतं. सांगितलेलं त्याच्या डोक्यातून परत कसं काढणार?

* * *

दिवाळी आठ दिवसांवर आली. कारखान्याचा फोन येऊन गेला. मंदानं माझी जुनी बॅग माळ्यावरून काढून उन्हात ठेवली होती.

त्याच दिवशी दुपारी प्रतीक धापा टाकत आला. उद्या पुण्याची मोठी पार्टी माल बघायला येणार होती आणि पावडरीचे परत दगड झाले होते. "काका, आत्ता चला. पाच टक्के करतो!"

मी म्हटलं, "रोख दे."

तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला. "काका, तुमी जुन्या वळनाचे. आवो, ही आपलीच पद्धत हाय. गावात शेळी अर्धलीनं देत्यात का न्हाई? मालक पगार देतो का? करडं झाली की निम्मी-निम्मी. तसंच हे!"

ओट्यावर मंदा ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"प्रतीक, अर्धलीनं देताना शेळी दावनीला बांधून देत्यात बाबा. सांभाळनारा रोज तिचं दूध पितो. तुजी शेळी कुटंय?"

प्रतीक हसला. "काकू, तुमी बी ना! बरं, चहा तरी टाका. उनातानातून आलोय."

"टाकते की." मंदा सूप ठेवून आत गेली.

थोड्या वेळानं ट्रे घेऊन आली. पाहुण्यांचे कप, बशा, सगळं नीट मांडलेलं. प्रतीकनं कप उचलला आणि आत बघितलं. कप कोरडा ठणठणीत.

"काकू, चहा?"

मंदानं गोठ्याकडे बोट केलं. औंदाच झालेली कालवड तिथं पेंढीला तोंड लावून उभी होती.

"ती काय. तिसऱ्या वर्षी व्यायल. दुदातलं दोन टक्के तुजं."

प्रतीक तिच्याकडे बघतोय, कालवडीकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. मी छपराकडे बघत होतो. शेवटी त्याचा हात हळूच खिशातल्या मोबाइलकडे गेला.

"काका... तुमचा क्यूआर कोड कुटं आसतो?"

"ते व्हईल रं," मंदा आतून चहाचं पातेलं आणून त्याचा कप भरत म्हणाली, "आदी चहा घे. फुकून पी, पोळंल."