चेंडूबाईंचा नियम

केंद्रात त्यांना सगळे चेंडूबाईच म्हणायचे. स्वमग्न मुलांच्या हातापायांना वळण लावण्यात बावीस वर्षं गेली, स्वतःचे गुडघे पार कामातून गेले, तरी बाई खुर्चीवर बसतील तर शपथ! चटईवर, मुलाच्या अगदी समोर. मुलांशी लोण्यासारख्या मऊ आणि आयांशी? बाप रे, तोंडाचा पट्टा नुसता. नियम एकच: आईनं दाराबाहेर बसायचं. "तुम्ही आत आलात की हा तुमच्या अंगावर चढतो, माझा तास पाण्यात."

सहा वर्षांच्या एका पोराच्या आईनं कधी हूं की चूं केलं नाही. चौदा महिने ती बाहेरच्या बाकावर बसली. आत आधी फुगा, मग मोठा मऊ चेंडू, मग छोटा पिवळा. चेंडू छातीवर आपटून खाली पडायचा, पोराचे हात ढिम्म हलायचे नाहीत. बाई ते हात धरून पुढे करायच्या, सोडायच्या, पुन्हा धरायच्या. नवव्या महिन्यात एकदाचा त्यानं चेंडू झेलला, दोन्ही हातांनी! बाईंनी बाहेर येऊन सांगितलं तशी आई रडायलाच लागली. "मला एकदा टाकू द्या ना, बाई."

"घाई कसली? सवय पक्की होऊ दे. तोवर घरीही टाकू नका."

सवय पक्की होता होता पाच महिने गेले आणि पोराच्या वडिलांची बदली झाली, तीही असं केंद्र नसलेल्या गावी. शेवटच्या दिवशी बाईंनी स्वतः दार उघडलं. "या, आज तुम्ही टाका."

आई बाईंच्या जागेवर गुडघे टेकून बसली. तळहात कपड्यांना पुसले. "घे रे राजा."

चेंडू छातीवर आपटला, खाली पडला. हात हलले नाहीत. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पोरानं चेंडू उचलला, आईला वळसा घालून बाईंच्या हातात नेऊन दिला, जागेवर परत गेला आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

चेंडू टाकायचा तो बाईंनीच, हेही पोर शिकलं होतं. कुणी शिकवलं? त्यांनीच की!

"माझंच चुकलं हो," बाई म्हणाल्या. बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुठल्याच आईला ऐकवलं नव्हतं. "तुम्हाला आत बसवायला हवं होतं."

आई चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठली, डोळे पुसले.

"अहो, हात पुढे करून उभा आहे तो. टाका ना तुम्ही. मी बसते बाहेर."

आणि जाताना, चौदा महिन्यांच्या सवयीनं, तिनं दार हलकेच ओढून घेतलं.