हादरा सीटला की स्टिअरिंगला

माझ्या जीपला चाळीस मैलांच्या वर हादरा बसायचा आणि त्याचं खापर माझ्या हातांवर फुटायचं. इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझं डोकं तापतं. गावात, बाजारात, सात रस्ता चौकात गाडी गरीब गाईसारखी चालायची. अक्कलकोट नाका ओलांडला, रस्ता मोकळा झाला, काटा चाळिसाला टेकला, की बुडाखालून गुरगुर सुरू व्हायची. पंचेचाळिसाला अख्खी गाडी थडथडायला लागायची. पाय काढला की पुन्हा शांत. काही पेशंट असतात ना, घरी विव्हळतात आणि डॉक्टरसमोर आले की हसतात, त्यातलं हे दुखणं.

जीप माझ्या वडिलांची. सैन्यानं मोडीत काढलेली, त्यांनी लिलावात घेतलेली. ते रस्त्यांची कामं घ्यायचे, आणि खडीच्या ढिगांमधून त्यांनीच मला गाडी शिकवली होती. शेवटी शेवटी त्यांनी ती माझ्या नावावर केली. मी सोलापुरात डॉक्टर. रोज पेठेत दवाखाना आणि दर बुधवारी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावात. फाट्यापासून आत कच्चा रस्ता, एस.टी. तिथं जात नव्हती. पावसाळ्यात काळ्या रानातल्या चिखलातून चारही चाकांची ताकद लावून जाणारी ही एकच गाडी. अडलेल्या बाया मी याच जीपमध्ये मागं झोपवून सिव्हिलला आणलेल्या होत्या. जीप गेली असती तर माझा बुधवार गेला असता, आणि त्या बायांचं काय झालं असतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि जीप जायच्याच बेतात होती. माझं सासर धान्याच्या व्यापारातलं. खाली दुकान, वर घर. मोठे दीर दुकानाचे मालक असल्यासारखे वागायचे आणि आमचे हे त्यांच्या हाताखाली मान खाली घालून काम करायचे. करमाळ्याच्या बाजारातून ज्वारीची पोती आणायला दिरांना ती जीप हवी होती. सुनेच्या माहेरची गाडी सरळ मागायला लाज वाटते, म्हणून निमित्त शोधत होते. एका बुधवारी त्यांना वाटेत कुठं तरी उतरायचं होतं, म्हणून माझ्या शेजारी बसले. पंचेचाळिसाला गाडी थडथडली आणि त्यांना हवं ते सापडलं.

“डॉक्टरीणबाईंनी माझी हाडं मोजली,” हे त्यांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. “बाईमाणसाचा हात तो. हजामतीला वस्तरा आन् जीपला हात, दोन्ही थरथरून कसं चालंल? त्यापरीस गाडी दुकानाला लावू. त्यांना काय, टांगा हाय की!”

गावापर्यंत टांगा! उचलली जीभ लावली टाळ्याला. मी यांना म्हटलं, “तुम्ही काही बोलणार आहात का?” हे म्हणाले, “जाऊ दे गं. मोठे हायत ते.” यांच्या तोंडात दुसरं काही कधी आलंच नाही.

मग मी मेस्त्रीकडं गेले. नाक्याजवळ त्याचं गॅरेज, जीपा दुरुस्त करण्यात त्याचं नाव होतं. नुकतेच मी मागचे दोन टायर नवे घातले होते, म्हणून त्यानं टायरवर बोट ठेवलं. मागचे पुढं, पुढचे मागं. हादरा तसाच. मग चाकं सरळ केली. मग इंजिनाखालची रबरं बदलली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दर वेळी मेस्त्री गाडी नाक्यापर्यंत न्यायचा, वळवायचा, परत आणायचा आणि हात पुसत म्हणायचा, “झ्याक चालतीया की.”

“अहो, तिथपर्यंत गाडी तिसाच्या पण वर जात नाही,” मी ओरडले. “चाळिसाच्या वर न्या की!”

“बाई, गाडीला कायबी झालं न्हाय. तुमी स्टिअरिंग लई आवळून धरता. जरा सैल सोडा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला धरूनच नेलं. मी चालवली, पंचेचाळिसाला हादरली. मेस्त्री म्हणाला, “बगा, हात.” मी गाडी थांबवली, खाली उतरले, त्याला बसवलं. त्यानं चालवली, पंचेचाळिसाला हादरली. मेस्त्री खिडकीबाहेर बघत म्हणाला, “ह्यो रस्ताच खराब हाय.”

नाचता येईना अंगण वाकडं, आणि तेही माझ्या तोंडावर! मी चालवताना हात वाईट आणि त्यानं चालवताना रस्ता वाईट. परतताना मीच चालवायला बसले. रागात का होईना, मी एक गोष्ट केली. पंचेचाळिसाला क्लच दाबला आणि गिअर काढून टाकला. इंजिन मंदावलं, गाडी नुसती घरंगळत राहिली, आणि हादरा जसाच्या तसा. म्हणजे इंजिन निर्दोष. मग स्टिअरिंग दोन बोटांवर धरलं. ते जवळजवळ स्थिर. हादरा येत होता तो सीटला, बुडाखालून. पुढच्या चाकांचं दुखणं असतं तर आधी हाताला कळलं असतं. म्हणजे चोर मागं होता, आणि आम्ही इतके दिवस पुढं फटके देत होतो.

मी मेस्त्रीला हे सांगितलं. तो म्हणाला, “बाई, तुमी इंजेक्शनं द्या, गाडीचं आमी बगतो.”

घरी दिरांनी तोवर ड्रायव्हरही हेरून ठेवला होता. पुढच्या बाजाराला जीप करमाळ्याला जाणार असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं, मला नाही. मला सांगायची काय गरज! मी जेवणावरून उठले. सासूबाई मागून म्हणाल्या, “ताटावरनं उठू नये गं,” पण मी तोवर हात धुतले होते.

त्याच आठवड्यात, बुधवारच्या गावात, एक म्हातारा पोट धरून आला. इकडं दुखतंय, तिकडं दुखतंय, काल हे खाल्लं, परवा ते प्यालो. कन्नडमध्ये अर्धं, मराठीत अर्धं. मी त्याच्यावर खेकसले, “आजोबा, ते सगळं राहू द्या! कधीपासून दुखतंय ते आधी सांगा! त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतं?” तो बिचारा घाबरून मागं सरकला, आणि मला एकदम जीप आठवली. रोज पन्नास माणसांना हा प्रश्न विचारणारी मी, जीपला तो कुणीच विचारला नव्हता.

कधीपासून? दसऱ्यापासून. दसऱ्याच्या आधी मी याच रस्त्यानं पन्नासनं गेले होते. आणि दसऱ्याला काय झालं होतं? टायर तर नंतर घातले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती! आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं, अवजारं, गाड्या सगळं धुऊन-पुसून पूजेला लागतं. त्या वर्षी मेस्त्रीनं हौसेनं जीप गॅरेजमध्ये ठेवून घेतली होती. खालून सगळी खोलून, धुऊन, चंदेरी रंग मारून, झेंडूची माळ घालून त्यानं ती परत दिली. “सणाची गाडी हाय, खालूनबी चकचकली पायजे,” म्हणाला होता. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

आता खालचं काय काय खोललं होतं? गिअरपेटीपासून मागच्या चाकांपर्यंत फेरे पोचवणारी लांब नळी, प्रोपेलर शाफ्ट. ती दोन भागांत असते, दातेरी खाचांवर एकात दुसरा सरकतो, आणि दोन्ही टोकांना सांधे. वडिलांची एकदा ती नळी वाटेत तुटली होती. त्यांनी ती काढून मागं टाकली आणि पुढच्या चाकांची ताकद लावून गाडी घरी आणली होती. मला ते आठवलं आणि मी म्हाताऱ्याला औषध देऊन सरळ गॅरेज गाठलं.

“मागची नळी उतरवा,” मी मेस्त्रीला म्हटलं. “पुढच्या चाकांवर मी गाडी पळवून बघणार आहे.”

“पुढनं वडायला ही काय बैलगाडी हाय का बाई?”

“उतरवता की मी पाना घेऊ?”

त्यानं उतरवली. मी एकटीच निघाले. नाका ओलांडला, चाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. सीट शांत. बूड शांत. मी गाडीतल्या गाडीत मोठ्यानं शिवी दिली, कुणाला ते विचारू नका. डॉक्टरनं देऊ नये अशी होती.

परत आले तेव्हा नळी बाकावर पडली होती. दोन्ही टोकांचे सांधे एका रेषेत हवेत, ते किंचित फिरलेले दिसत होते, मान मुरगळलेल्या माणसासारखे. मी म्हटलं, “रंग खरवडा. खाली जोडायची खूण असेल.” मेस्त्रीनं पॉलिशपेपर घेतला. रंगाखालून नळीवर एक बाण निघाला. जरा पलीकडं दुसऱ्या भागावर दुसरा बाण निघाला. जोडताना हे दोन बाण समोरासमोर आणायचे असतात, आणि ते एका दातानं चुकले होते. पूजेच्या रंगानं बाण झाकले, झाकलेले बाण जोडताना कुणाला दिसले नाहीत, आणि कमी वेगाला ते जाणवलंही नाही.

मेस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला. “आयला, बाण!” म्हणाला. नळी सोडवली, बाणाला बाण भिडवला, पुन्हा चढवली. माझ्या हाताबद्दल मात्र त्यानं अवाक्षर काढलं नाही, आणि पैसे घेतानाही त्याची मान वर झाली नाही. मीही त्याला सोडलं. माझं भांडण त्याच्याशी नव्हतंच.

पुढच्या बुधवारी सकाळी मी दिरांना म्हटलं, “भाऊजी, बसा. जरा हाडं मोजून घ्या.” नको नको म्हणत बसले. मी त्यांना नाक्यापलीकडं पन्नासनं नेलं आणि पन्नासनं आणलं. ते पुढं बघत बसले होते. मला वाटलं, संपलं. हादरा गेला, निमित्त गेलं, खटला निकालात निघाला. केवढी भोळी मी!

दारात उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर थाप मारली. “झाली की चांगली,” म्हणाले. “द्या किल्ली. ड्रायव्हर येऊन बसलाय आत.”

“आता कशाला किल्ली? गाडी हादरते म्हणून घेत होता ना?”

“बिघडलेली हुती म्हणून तुमच्या हातात नको हुती. आता चांगली हाय, मग तुमच्या हातात कशाला?”

असं तोंड वर करून! हसत! म्हणजे मी इतके दिवस त्या नळीच्या मागं लागले, भर उन्हात रस्त्यावर गाडी पळवली, ते सगळं यांच्या लेखी दुकानाची गाडी दुरुस्त करून देण्यासाठी. दिरांनी हात पुढं केला होता. दुकानाच्या पायरीवर आमचे हे उभे होते. हमाल पोती टाकायचे थांबले होते.

मी यांच्याकडं वळले. “तुम्ही सांगा. सगळ्यांसमोर सांगा. ही गाडी कुणाची?”

हे खाली बघत राहिले. दीर म्हणाले, “त्याला काय विचारता?” मी म्हटलं, “मी त्यांनाच विचारतेय.” मग हे एक पायरी खाली उतरले.

“अण्णा,” हे म्हणाले, “गाडी तिची हाय.”

दिरांनी हात मागं घेतला. इतकं सोपं होतं ते. ना ओरडा, ना भांडण, ते सरळ दुकानात निघून गेले, आणि जीपचं नाव त्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही. हे माझ्याकडं बघून हसले, मी काही तरी गोड बोलेन अशा आशेनं. मी जीपमध्ये चढले. किल्ली फिरवली आणि गावाला निघाले.

दिरांवरचा माझा राग पुढं निवला, यांच्यावरचा नाही. त्यांना निदान जीप तरी हवी होती. यांना काहीच नको होतं, आणि गाडी कुणाची हे यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.