हंगाम सरल्यावर कोयत्याला धार

ते प्रकरण आजही विसरता येत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या दुपारइतका कधी घाबरलो नव्हतो. निवृत्ती जवळ आली होती आणि बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नावं कुणाचीच देत नाही, माणसं अजून त्याच भागात राहतात.

वैशाखातला बाजाराचा दिवस. वडवणीच्या आठवडी बाजारात भाता मांडून बसणाऱ्या एका लोहाराचा फोन आला. तो काही आमचा खबऱ्या नव्हता.

"साहेब, एक गडी आत्ता कोयत्याला धार लावून गेला. हंगाम सरून महिना झाला, मंग आत्ताच धार कावून? इचारलं तर म्हनला, घरातली घान काढायची हाय. मला लक्षन बरं दिसंना."

आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात. त्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. कारखाना बंद झाला की कोयते आढ्याला खोचले जातात आणि दिवाळीपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्याने तो फोन हसण्यावारी नेला असता. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि दोन शिपाई पिटाळले. तेलगावकडे जाणाऱ्या एसटीची वाट पाहत तो उभा होता. गोणपाटात गुंडाळलेला कोयता पंचांसमोर जप्त झाला.

वय असेल तिशीचं. मी त्याच्या गावी फोन लावला. शेजारी म्हणाले, त्याची बायको काल सकाळपासून दिसलेली नाही. माहेरी विचारलं, तिथेही नव्हती. तिचा मोबाइल बंद. कोयत्यावर रक्त नव्हतं, एवढाच आधार होता.

"बायको कुठंय?"

"गेली आसंल कुठंतरी."

खोटं बोलणारा माणूस बडबड करतो, हा गप्प होता. हात नुसते मांडीवर घासत होता. असे गप्प बसणारे मला जास्त भिववतात. दरडावून पाहिलं, चहा देऊन पाहिला. घड्याळ पुढे सरकत होतं. विहिरी तपासायला मी माणसं पाठवली आणि मनातल्या मनात वाईटाची तयारी करू लागलो.

शेवटी मी त्याच्या दोन लेकरांचा विषय काढला. ती आजोबांकडे होती. त्याबरोबर तो फुटला.

"ती दोनच माझी हायती साहेब! आता पोटात हाय ते माझं न्हाई. पोटुशी बाई मोळ्या कशा उचलंल, जोडी मोडंल, म्हनून उसाच्या फडावर मी दर टायमाला आधीच बाजूला झालतो. एकदा बी चुकलो न्हाई. मंग पोर आलं कुठून?"

इथे एक कबुली द्यायची आहे. त्या क्षणी मला त्याचं म्हणणं पटलं. बाईचंच काहीतरी काळंबेरं असणार, असं मी, दोन मुलांचा बाप, मनात बोलून गेलो. आज त्याची लाज वाटते.

दारात उभ्या असलेल्या महिला हवालदारांनी माझा चेहरा वाचला असावा. "साहेब, एकदा दवाखान्यातल्या मॅडमला विचारू या," असं म्हणून त्यांनी थेट ग्रामीण रुग्णालयात फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. मी प्रश्न विचारला. विचारताना माझीच जीभ अडखळत होती.

डॉक्टर मॅडम मात्र अडखळल्या नाहीत. "अहो, वीर्य पडायच्या आधी पुरुषाला थोडा चिकट पाण्यासारखा स्राव होतो. तो कधी आला ते त्याचं त्याला कळत नाही, आणि थांबवता तर मुळीच येत नाही. काही पुरुषांच्या त्या स्रावात शुक्रजंतू असतात. एकेका वेळेला शक्यता कमी असते, पण असते. आणि आधी बाजूला झालो म्हणणाऱ्यांनाही तो क्षण दर वेळी साधतोच असं नाही. त्या भरवशावर राहून दिवस गेलेल्या कितीतरी बायका मी तपासल्यात."

"फडावर समदे हेच सांगत्यात," तो पुटपुटला.

"सगळे सांगतात म्हणूनच माझ्याकडे रांग लागते. निरोध वापरायचा तर पहिल्यापासून, अंगाला अंग लागायच्या आधी. नाहीतर तांबी आहे, रोजच्या गोळ्या आहेत, तीन महिन्यांचं इंजेक्शन आहे. चूक झाली तर लगेच यायचं. तीन दिवसांच्या आत गोळी देता येते, आणि ती जितकी लवकर घ्याल तितकी बरी. पाच दिवसांत तांबीही बसवता येते. पाळी चुकली तर तपासणी करायची. बाईवर संशय घेण्याआधी एवढं तरी विचारा! ते मूल त्याचं असू शकतं, अगदी सहज."

त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

"साहेब, वाजले किती?"

"दोन. का?"

"ती उन्हात हाय. भावकीच्या रानात पत्र्याचं शेड हाय, त्यात कोंडलंय. कालपासनं. पानी बी न्हाई."

बाजारातून परत जाऊन तिला संपवायचा त्याचा बेत होता. जीपमध्ये त्याला पुढे बसवून वाट विचारत निघालो. तेलगावच्या त्या रस्त्यावर मी किती देव आठवले ते सांगत नाही. शेडच्या पत्र्याला हात लावताच चटका बसला. मी हाक मारली, आतून आवाज नाही. शिपायाने कुलूप तोडलं. कोपऱ्यात कडब्याच्या आडोशाला ती अंग चोरून पडली होती. दार उघडताच तिने डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. तिला वाटलं, तोच आला.

हवालदार बाई पुढे धावल्या. "मी हाय गं बाई, पोलीस. भिऊ नको."

सलाईनवर दोन दिवसांत ती सावरली. डांबून ठेवणं आणि खुनाचा प्रयत्न, असा गुन्हा नोंदवून त्याला कोर्टापुढे उभं केलं. पोटातल्या बाळाचं काय करायचं ते तिने डॉक्टर मॅडमशी बोलून स्वतः ठरवलं. तिच्या माहेरच्यांना त्यात पडू दिलं नाही.

पुढच्या महिन्यात मी मॅडमना ठाण्यात बोलावून सगळ्या स्टाफपुढे बोलायला लावलं. निम्मे शिपाई जमिनीकडे पाहत होते. पहिला प्रश्न मीच विचारला, मग हळूहळू तोंडं उघडली. त्यांतल्या तिघांना वाटत होतं की आधी लघवी करून आलं की धोका मिटतो. मॅडमनी सांगितलं, त्याचा भरवसा धरू नका. कायद्याची कलमं आम्हाला पाठ असतात, पण या एका अज्ञानापायी एखादीचा जीव जाऊ शकतो हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं.

त्याआधी, ती सलाईनवर असतानाच, तिचा जबाब घ्यायला मी रुग्णालयात गेलो होतो. सही झाली, कागद आवरले. जाताना मी म्हणालो, "आता भिऊ नका ताई, तुमची काहीच चूक नव्हती हे सगळ्यांना कळलंय."

ती उशीला टेकून उठून बसली. "मी त्येला शंभर बारी सांगितलं, तुजंच हाय म्हनून. त्येनं मानलं न्हाई. दवाखान्यातल्या बाईनं फोनवर सांगितलं, मंग मानलं." मग हळूच विचारलं, "साहेब, त्या बाईनं फोन उचलला नसता, तर तुमी तरी माझं मानलं असतं का?"

मी टोपी उचलली आणि बाहेर आलो.