नानाची जीप, माझा पाना

राहुलचा फोन आला तेव्हा मी नवीन जालन्यात बँकेच्या रांगेत उभी होते. ‘‘आत्या, नाना गेले,’’ एवढंच तो बोलला आणि मी त्याच्यावरच खेकसले, ‘‘असा कसा जाईल? मला न सांगता?’’ रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बघू देत. माझा भाऊ गेला होता... रडू नंतर आलं, आधी राग आला. आज पाच आठवडे झाले तरी तो पुरता उतरलेला नाही आणि हे सगळं मी त्या रागातच लिहिते आहे. ज्यांना गोडगोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

राग कशाचा, तर तेराव्याला धावड्याला, माझ्या माहेरच्या घरी अंगणात जे बोललं गेलं त्याचा. नानाची जुनी पेट्रोल जीप दाराशी उभी होती. पाहुण्यांना बसस्टँडवर सोडायला म्हणून राहुलने ती चालू केली. राहुल नानाचा मुलगा, पुण्याला नोकरीला असतो. गाडी चालू झाली, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उभ्या गाडीची रेस आपोआप वर जायची, खाली यायची, परत वर, आणि शेवटी आचका देऊन गाडी बंद. गावातल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं डोकावला आणि निकाल देऊन मोकळा झाला. ‘‘नानांनी शेवटी शेवटी कार्बोरेटरची वाट लावून ठेवली. हात थरथरत व्हते ना त्यांचे. आता हिच्यात काई राह्यलं न्हाई.’’ चार माना हलल्या. संध्याकाळपर्यंत भंगारवाल्याला रविवारी यायचा निरोपसुद्धा गेला. म्हणजे आसपासच्या दहा गावांतल्या गाड्यांचं दुखणं नुसत्या कानाने ओळखणारा माणूस स्वतःचीच गाडी बिघडवून मेला, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. हे माझ्या भावाच्या नावावर राहणार होतं? मी जिवंत असताना? मी राहुलला सांगितलं, रविवारी मी येते, माझ्यासमोर गाडी बंद पडली तरच ती भंगारात जाईल.

नाना जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होता. धावड्याच्या मागे डोंगर लागतो, आणि डोंगरातल्या वस्त्यांवर म्हैस अडली किंवा बैल पडला की तिकडे मोटारसायकलही धड जात नाही. म्हणून त्याने सरकारी लिलावातून ही जीप उचलली. चारही चाकांना ओढ देणारी, कुठल्याही घसरड्यावर न अडणारी. सुट्टीत मी माहेरी गेले की तो माझ्या हातात पाना द्यायचा. मी शाळेत गणित शिकवणारी बाई, हात काळे करून गाडीखाली पडलेली बघून शेजारचे हसायचे. एकाने तर तोंडावर विचारलं, ‘‘बाईच्या हातात पाना कशाला देऊन राह्यले, नाना?’’ नाना गाडीखालूनच म्हणाला, ‘‘दोन हात हायेत की तिला. मोजून घे.’’ त्यानंतर त्या गृहस्थाने आमच्या अंगणात चहा घेतला, पण पान्याचं नाव काढलं नाही.

त्याचा एक क्रम ठरलेला होता आणि त्यात त्याने देवाचंही ऐकलं नसतं. आधी ठिणगी बघायची, मग पेट्रोल, मग हवा. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. एकदा आम्ही राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. चतुर्थीची ही गर्दी! एका अनोळखी माणसाची जीप गर्दीत उभी राहिली की बंद पडत होती आणि मागचे लोक शिव्या देत होते. नाना दर्शनाची रांग सोडून तिकडे गेला. मालक म्हणाला, ‘‘रेसचा स्क्रू जरा वाढवून द्या ना जल्दी, म्हणजे बंद पडणार न्हाई.’’ नाना भडकला. ‘‘ताप आलेल्याला पावडर लावून फोटो काढायचाय का? वाढीव रेसनं रोग झाकून राहतो, जात न्हाई.’’ मग त्याने चालू इंजिनात पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात त्या कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरला. रेस सरळ झाली. ‘‘बघ सुली, हवा जास्त होऊन राह्यली. कुठून तरी चोरून आत घुसतीये.’’ फाटलेली रबरी नळी दहा मिनिटांत सापडली. आमचं दर्शन मात्र त्या दिवशी राहिलं ते राहिलंच.

रविवारी सकाळी पहिल्या बसने मी धावड्याला पोचले. राहुल म्हणाला, ‘‘आत्या, कशाला त्रास घेऊन राह्यलीस? नाना आता काही परत येणार नाहीत.’’ मी म्हटलं, ‘‘त्याला परत आणायला नाही आले. तू फक्त चावी दे.’’ प्लग काढले. ठिणगी चांगली निळी पडत होती, पण प्लगची टोकं पांढरट झालेली, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. पेट्रोल स्वच्छ येत होतं. इंजिन चालू करून कार्बोरेटरवर तळहात धरला आणि ते डुगडुगणारं इंजिन शहाण्यासारखं चालायला लागलं. हवाच! सगळ्या नळ्या चाचपल्या, एकही फाटलेली नव्हती. मग तेलाची कुपी घेऊन कार्बोरेटर जिथे इंजिनावर बसतो त्या सांध्यावर थेंब थेंब सोडत गेले. एका कोपऱ्यात थेंब पडला आणि सर्रकन आत ओढला गेला. रेस क्षणभर स्थिर झाली. ‘‘सापडला!’’ म्हणून मी अशी ओरडले की वहिनी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या.

इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटर उतरवायला घेतला. दोनच नट असतात. त्यातला एक इतका आवळलेला की सोडवायला मला अंगाचा सगळा भार टाकावा लागला. त्या बाजूला खालचं पॅकिंग चेचून गेलेलं, दुसऱ्या बाजूला कार्बोरेटरची बैठक वाकून फट पडलेली. असा रेड्यासारखा नट कोणी आवळला, असं मी मोठ्याने विचारलं आणि विचारता विचारता माझा हात थांबला... मीच आवळला होता. संक्रांतीनंतर आले होते तेव्हा. नानाने कार्बोरेटर साफ करून ठेवला होता, पण कंपवाताने पाना हातात ठरेना, म्हणून म्हणाला, सुली, तेवढे दोन नट बसव. थोडा हा, थोडा तो, असं आलटून पालटून आवळायचं हे त्यानेच मला शंभरदा शिकवलेलं. पण मला साडेचारची बस गाठायची होती. मी एक नट पूर्ण आवळला, मग दुसरा, आणि हात पुसले. नानाने त्या सांध्यावरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं. ‘‘बराबर हाय,’’ म्हणाला, ‘‘जा, बस जाईल.’’

तेवढ्यात रेसच्या स्क्रूकडे लक्ष गेलं. त्यावर नानाने पांढऱ्या रंगाची खूण केलेली असायची. ती खूण चांगली अर्धा फेरा सरकली होती. वहिनींना विचारलं, या स्क्रूला कोणी हात लावला? त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, ‘‘सुलभाताई, तुम्ही बसला गेल्या अन् हे लगेच गाडीपाशी जाऊन बसले. दोन्ही हातांनी पेचकस धरून फिरवत व्हते. म्या म्हणलं, काय झालं? तर म्हणले, काई न्हाई. सुलीचा फोन आला अन् गाडीचं विचारलं, तर बराबर हाय म्हणून सांग.’’ आणि मी फोन केला होता. वहिनींनी तसंच सांगितलं होतं. पुढे ती फट वाढत गेली आणि वाढीव रेसही पुरेना.

जन्मभर ज्याने रेस वाढवून रोग झाकला नाही, राजूरला परक्या माणसाला झापलं, त्याने माझी चूक झाकायला स्क्रू फिरवला. मी अंगणात बसून त्याला शिव्या घातल्या. खोटारडा मेला! मग उठले, भिंतीवरचा त्याचा हार घातलेला फोटो खाली घेतला आणि फ्रेमची काच काढली. राहुल ‘आत्या!’ म्हणून किंचाळलाच. बैठक घासून सपाट करायला खाली काचेसारखी सपाट जागा लागते, आणि घरात दुसरी धड काच नव्हती. नानाला विचारलं असतं तर त्यानेच काढून दिली असती. काचेवर पॉलिश पेपर पसरून बैठक तासभर घासली, नवं पॅकिंग कापलं, आणि थोडा हा, थोडा तो करत नट बसवले.

भंगारवाला टेम्पो घेऊन आला तेव्हा जीप अंगणात चालू होती. स्क्रू मी खुणेवर परत आणला होता आणि गाडी संथ, एका सुरात चालत होती. गॅरेजवालाही बघायला आला होता. म्हणाला, ‘‘मॅडम, मानलं तुम्हाला.’’ मी म्हटलं, ‘‘मानू नका, ऐका. गाडीची वाट नानाने लावली नव्हती, मी लावली होती. याच हाताने.’’ तो म्हणाला, ‘‘जाऊ द्या ना, आता कशाला सांगता?’’ सांगणार! तेराव्याला अंगणभर बोललात, मी पेपरात लिहीन. लिहिलं.

टेम्पो रिकामा गेला. जीप आता माझ्या दाराशी आहे आणि साठी उलटलेली बाई ती चालवते म्हणून जालन्यात ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसावं. सिग्नलला उभी राहते तेव्हा ती एकदाही आचका देत नाही. मी मात्र तिथे बसून नानाशी भांडते. अरे, रागवायचं होतंस मला. खोल, परत बसव, असं दटावायचं होतंस नेहमीसारखं. माझी बस गेली असती, दुसरं काय झालं असतं? त्या दिवशी मी तुझ्याकडेच राहिले असते.