सोनेरी मुंडक्याचं दुकान

पॅरिस कसं आहे, असं कोणी विचारलं की मी सांगतो, निसरडं आहे. विचारणाऱ्याला राग येतो. त्याला मनोरे, दिवे आणि मडमा ऐकायच्या असतात. पण मी पडलो नालबंद. आमच्या घरात आजोबांपासून घोड्यांना नाल ठोकायचं काम, आणि नालबंदाची मान सदा खाली. जगातली जी काही मोठी शहरं माझ्या नशिबी आली ती मी अशी खालून पाहिली. रस्ता दगडाचा की मातीचा आणि घोड्याचा पाय त्यावर टिकेल का, हे मला आधी दिसतं. मनोरे मागाहून.

पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत एका संस्थानाच्या कारभाऱ्यांनी माझ्या चाचांची घोडी घेतली. चाचा, म्हणजे माझ्या वडलांचे धाकटे भाऊ, घोड्यांचे दलाल. आमच्या यात्रेत सौदा तोंडाने होत नाही. विकणारा आणि घेणारा एका रुमालाखाली हात घालतात, बोटं धरून भाव सांगतात, आणि एकाने दुसऱ्याची बोटं मुठीत आवळली की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी मागे फिरायचं नाही. कोणी फिरलाच, तर त्याने आपला फेटा समोरच्याच्या पायाशी ठेवायचा. ज्याचा फेटा असा एकदा खाली गेला त्याच्या रुमालाखाली पुन्हा कोणी हात घालत नाही. अशा एक-दोन माणसांची गोष्ट चाचा सांगायचे ती मेलेल्या माणसांची सांगावी तशी.

घोडी पंचकल्याणी होती, चारी पाय आणि कपाळ पांढरं. तिची आई वेतातच गेली, म्हणून चाचांनी तिला म्हशीच्या दुधावर वाढवली. चाचांना स्वतःचं मूल नव्हतं. तरी विकली, कारण अशी घोडी गावच्या दारात बांधून ठेवणं त्यांना तिचा अपमान वाटला. विकली आणि जेवण सोडलं. पुढे संस्थानाचे राजेसाहेब पोलो खेळायला घोडे घेऊन विलायतेला जाणार आणि घोड्यांची निगा राखायला मोतद्दार हवेत असं कळलं, तेव्हा चाचा धावतच गेले आणि नालबंद म्हणून मलाही ओढून नेलं. माझं नुकतंच लग्न झालं होतं. मला कोणी विचारलं नाही.

मुंबईच्या धक्क्यावर घोडीला पेटाऱ्यात घालून यारीने वर उचललं, तेव्हा चाचांनी डोळे घट्ट मिटून घेतले. बोटीत घोडे उभेच. बसायला जागा नाही, वळायला नाही. एडन लागलं. तिथे जमीन म्हणजे चुलीतली राख आणि त्यावर माणसं पाणी विकतात. तांबड्या समुद्रात उकाडा असा की लोखंडाला हात लावता येईना. आमचे दोन घोडे तिथे गेले आणि खलाशांनी ते समुद्रात लोटले. त्या दिवसापासून चाचा घोडीच्या पायाशीच झोपू लागले. पोर्ट सईदला जे फेरीवाले भेटले त्यांच्यापुढे आपल्या नंदुरबारच्या मिरची बाजारातले दलाल संत म्हणावेत. मार्सेलला मासळीचा वास, आणि गाड्या ओढणारे घोडे असे की खूर घमेल्याएवढा. मी त्यांच्या नालांकडे बघत राहिलो आणि एका गाडीवानाने मला चाबूक दाखवला. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते मला तिथे पटलं.

मार्सेलहून आगगाडीने पॅरिस. तिथले मोठे रस्ते लाकडाचे होते. विटा बसवाव्यात तसे लाकडाचे ठोकळे बसवलेले, चाकांचा आवाज होऊ नये म्हणून. हे ज्या कोणा शहाण्याला सुचलं असेल त्याने कधी घोडा पाळला नसावा. वर मोटारींचं तेल सांडलेलं. पहिल्याच दिवशी भुरभुर पाऊस आला आणि तबेल्याकडे जाता जाता घोडीचे मागचे पाय सरकले. पडली नाही, पण सावरताना उजव्या मागच्या पायाला हिसका बसला. संध्याकाळपर्यंत गुडघ्याखालचा सांधा सुजून कढत झाला. हाताला चटका बसत होता.

घोड्यांचा डॉक्टर आला, त्याने मान हलवली. कारभाऱ्यांनी आम्हाला सांगितलं की महिनोन्महिने ही खेळायला उभी राहायची नाही, बाकीचे घोडे चार दिवसांत लंडनला जाणार, हिला इथेच विकून टाकू. चाचांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाले, "मीच इकी व्हती, मीच इकसू." दुसऱ्या कोणाच्या हातून ती जाऊ नये एवढंच त्यांच्या मनात होतं. कारभाऱ्यांची ब्याद टळली. त्यांनी हो म्हटलं.

पण विकायची कोणाला? चाचा दोन दिवस शहरात पायी हिंडले. मीही मागे. त्यांना खेळायला घेणारा नको होता, पैसेवाला नको होता. लंगड्या घोडीला दाणा घालील आणि जमलं तर वेतासाठी ठेवील असा माणूस हवा होता. लोक सभ्य दिसत, पण आमच्याकडे बघून नजर काढून घेत. दुसऱ्या दिवशी एका गल्लीत ते दुकान दिसलं. दारावर घोड्याचं मुंडकं, खऱ्याएवढं, सोन्याचा मुलामा दिलेलं. काच लख्ख, आत पांढऱ्या फरशा, बाहेर टोपल्या घेतलेल्या बायांची रांग. चाचा थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी रंग आला.

"जो दारवर घोडानं सोनानं मुंडकं लावस, तो घोडाले उपाशी कसा मारी?"

मला हे पटलं. कसं नाही पटणार? आपल्याकडे माणूस दारावर गणपती बसवतो, कोणी चांदतारा काढतो. ज्याला मानतो तेच दारावर लावतो. आत डोकावून बघायचं दोघांनाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी घोडीला खरारा केला, कपाळावरचे केस विंचरले, स्वतः फेटा बांधला, आणि आम्ही तिला हळूहळू चालवत तिथे नेलं. ती प्रत्येक पावलाला मान खाली टाकत होती.

दुकानदार बाहेर आला. लठ्ठ, गोरा, हसरा, पोटावर पांढरं कापड बांधलेलं. घोडी बघून खूश झाला. मला मात्र कसंसंच झालं, कारण त्याने दात पाहिले नाहीत. अंगावरचे केसांचे भोवरे पाहिले नाहीत. पाय उचलला नाही, सुजेकडे तर बघितलंही नाही. त्याने घोडीच्या पुठ्ठ्यावर पंजा ठेवून दाबला, मग बरगडीवर, मग मानेखालचं मांस चिमटीत धरून पाहिलं. घोडा असा कोणी पाहतो का? मी चाचांना हाक मारणार, तोवर चाचांनी उजव्या हातावर रुमाल टाकून हात पुढे केला होता.

त्या माणसाला काय करायचं ते कळेना. मग हसला, कापडाला हात पुसला आणि रुमालाखाली घातला. चाचांनी त्याची बोटं चाचपली आणि आमच्या रिवाजाप्रमाणे मूठ आवळली. भावाशी त्यांना कर्तव्य नव्हतंच. सौदा झाला.

हात बाहेर आले तेव्हा रुमाल आतून लाल होता.

मी वळून काचेतून आत पाहिलं. आत आकड्यांना मांस टांगलेलं होतं. शेळीचं नव्हे, गाईचं नव्हे. जो पाय मी लहानपणापासून रोज मांडीवर घेतो, त्या पायाचा सांधा मी कातडीशिवायही ओळखतो. "चाचा, कसाई शे हाऊ," मी म्हटलं. "घोडास्ना कसाई शे."

चाचांनी रुमालाकडे पाहिलं. मग काचेकडे. घोडीची दोरी तोवर दुकानदाराच्या हातात गेली होती आणि तो तिला बाजूच्या बोळाकडे वळवत होता. घोडीने मान फिरवून मागे पाहिलं. मी चाचांचा दंड धरून हलवला, पण ते जागचे हलेनात. मला त्यांचा इतका संताप आला की काय सांगू. घोडी चालली आणि हा माणूस उभा! त्या वेळी मला कळलं नाही की त्यांच्या मुठीत काय अडकलं होतं. उभ्या जन्मात त्यांनी आवळलेली मूठ सोडली नव्हती.

घोडी बोळाच्या तोंडाशी पोचली. तिथल्या ओल्या दगडावर तिचा दुखरा पाय पुन्हा सरकला आणि ती कण्हली. चाचा धावले. त्यांनी दोरी धरली. दुकानदारानेही सोडली नाही. तो मोठ्याने बोलू लागला, बाया टोपल्या खाली ठेवून जमल्या, कोपऱ्यावरचा पोलीस आमच्याकडे येऊ लागला. आम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आमची नाही. परक्या मुलखात तुरुंगात पडलो तर सारंगखेड्याला निरोप कोण नेणार, असं माझ्या मनात आलं.

तेव्हा चाचांनी डोक्यावरचा फेटा काढला. दोन्ही हातांनी धरला, वाकले आणि पॅरिसच्या त्या ओल्या फरशीवर कसायाच्या बुटांशी ठेवला.

कसाई गप्प झाला. पोलीसही थांबला. त्या माणसाला रिवाज कळला नसेल, पण म्हातारा माणूस उघड्या डोक्याने आपल्या पायाशी वाकलाय हे कोणत्याही मुलखात कळतं. त्याने दोरी सोडली. चाचांनी घोडीला फिरवली आणि मागे न बघता चालू लागले. थोडं पुढे गेलो तर मागून धावण्याचा आवाज. तो कसाई होता, धापा टाकत आला होता. त्याच्या हातात फेटा होता आणि त्याने तो कापडाला पुसून स्वच्छ केला होता. चाचांनी घेतला नाही. मी घेतला. तो माणूस वाईट नव्हता, हे मला आजही नीट गिळता येत नाही.

बोभाटा तबेल्यात आमच्याआधी पोचला. कारभारी लालबुंद. तुमच्यामुळे संस्थानाची अब्रू गेली, दोघांना परत धाडतो आणि घोडीला गोळी घालतो, म्हणाले. संध्याकाळी राजेसाहेबांनी बोलावलं. चाचा उघड्या डोक्याने, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मी सगळं सांगितलं, कारण ते बोलेनात. राजेसाहेब ऐकत गेले आणि हसू लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. शेजारी गोरे पाहुणे होते, त्यांना इंग्रजीत सांगितलं, मग जेवणाचा रुमाल हातावर टाकून एका पाहुण्याची बोटं धरून दाखवली. तेही हसले. आणि त्याच हसण्यात राजेसाहेब म्हणाले की घोडी म्हाताऱ्याला देऊन टाका, दोघांना पुढच्या बोटीने घरी पाठवा. आम्ही मुजरा केला. घोडी वाचली ती अशी, मेजवानीतल्या एका गमतीवर. मला रडू आलं ते आनंदाचं की अपमानाचं, ते मला ठरवता आलं नाही.

पण बाकीच्या घोड्यांना नालबंद हवा होता, म्हणून कारभाऱ्यांनी मला ठेवून घेतलं आणि लंडनला नेलं. चाचा घोडीला घेऊन एकटेच परतीच्या बोटीत चढले. लंडन मला विचारू नका. तिथेही लाकडाचे रस्ते, वर धूर, आणि माणसं अशी घाईत की जणू कोणाच्या घराला आग लागली आहे. मोठी घड्याळं, मोठे पूल, सगळं पाहिलं आणि काहीच पाहिलं नाही. रोज मनात एकच: आता बोट तांबड्या समुद्रात असेल. दोन धडधाकट घोडे तिथे गेले होते. ही तर तीन पायांवर उभी होती, आणि ती गेली तर चाचाही परत यायचे नाहीत, हे मला दिसत होतं.

परत आलो तेव्हा यात्रा भरली होती. दोंडाईचा स्टेशनावर उतरून बैलगाडीने सारंगखेड्याला पोचलो. वाटेत गाडीवानाला विचारायचंही धाडस झालं नाही. घरासमोरच्या लिंबाखाली घोडी उभी होती. लंगडी, पोट सुटलेली, पण उभी. चाचा तिला कडबा घालत होते. डोक्याला साधी टोपी.

मैदानावर त्या वेळी सौद्यांना ऊत आला होता आणि जिल्ह्यातला सगळ्यात नावाजलेला दलाल घरी बसला होता. लोक बोलवायला येत होते. तब्येत बरी नाही असं सांगून चाचा त्यांना वाटेला लावत. मी पेटीतून फेटा काढून पुढे धरला. आता बांधा, म्हटलं, इथे कोणालाही काही ठाऊक नाही. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग मात्र माझा तोल गेला. कुठला सौदा आणि कुठलं काय, तो कसाई, परक्या मुलखातला, त्याला बोटांची भाषा तरी माहीत होती का, असं मी बरंच बोललो. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्याले ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "माले ठाऊक व्हतं."

मग कडब्याची पेंढी खाली ठेवून त्यांनी मला खुणावलं, उजव्या मागच्या पायाची नाल सैल झाली आहे, बघ. मी फेटा लिंबाच्या फांदीवर टाकला, खाली वाकलो आणि घोडीचा पाय मांडीवर घेतला. सूज गेली होती. पाय नुसता ऊबदार होता.