आत येता येत नाही

मी दोन वर्षं मॉर्मन मिशनरी होतो असं कुणाला सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग माझ्या बायकोच्या. तिने मान डोलावली की मगच त्याला पटतं.

आम्ही नगरचे ख्रिस्ती. सोळाव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला आलो, हायस्कूलमधल्या मित्रांच्या नादाने त्यांच्या मॉर्मन चर्चला, म्हणजे अमेरिकेतल्या एका वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चला, जायला लागलो आणि विसाव्या वर्षी, ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, दारोदार धर्मप्रचाराच्या सेवेसाठी टेक्सासला रवाना झालो. वडील नगरला आमच्या जुन्या चर्चचे पंच होते. ते एवढंच म्हणाले, "घरचा ख्रिस्त पुरला नाही का तुला?" मी रागारागाने बॅग भरली.

टेक्सासमधलं अर्विंग हा माझा दुसरा एरिया, म्हणजे प्रचारासाठी नेमून दिलेला भाग. एरिया बदलला की दोन दिवसांत गाशा गुंडाळायचा. नवी खोली, नवे रस्ते आणि नवा जोडीदार. जोडीदाराच्या नजरेआड जायचं नाही, संडास-बाथरूम तेवढी सोडून. माझा नवा जोडीदार आयडाहोतल्या बटाट्याच्या शेतावर वाढलेला, माझ्याहून वर्षाने लहान, पण मिशनमध्ये मला सीनियर. त्याला सगळे नियम तोंडपाठ होते आणि नकाशा मात्र वाचता येत नव्हता. पहिला आठवडा आम्ही भर उन्हात, पांढरा शर्ट आणि टाय घालून, सायकलवर त्याच त्या चार गल्ल्यांत फिरत राहिलो. एका बाईने आम्हाला गवत कापायला आलेली पोरं समजून थेट मागच्या अंगणात नेलं. आम्ही ते कापलंसुद्धा.

खोलीत एक जाडजूड फाइल होती. आधीच्या मिशनऱ्यांनी तीत घरोघरच्या नोंदी करून ठेवल्या होत्या. कुठे "कुत्रा सोडतात", तर कुठे "कॅथलिक, पण लेमोनेड देतात". एका घरापुढे लिहिलं होतं, "इंडियन बाई. इंग्लिश नाही. खूप हसते. दिवसा घरात पुरुष नाही." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. घरात बाई एकटी असली तर आत पाऊल टाकायचं नाही, असा आमचा नियम होता.

"तुला इंडियन येतं ना?" जोडीदाराने विचारलं. इंडियन नावाची भाषाच नसते, हे मी त्याला चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. मग आम्ही गेलो.

साठीच्या बाईंनी दार उघडलं. सुती नऊवारी साडी, आणि घरातल्या एसीमुळे वर मुलाचा स्वेटर. "सन ऑफिस. नो होम," त्या हसून म्हणाल्या. मी म्हटलं, "नमस्कार, मावशी." त्यांनी दाराची चौकट धरली.

"अगं बाई! मराठी? या, आत या. चहा टाकते."

"मी चहा घेत नाही, मावशी." चहा-कॉफी आमच्या चर्चला वर्ज्य.

"बरं, पण आत तर या."

"आत येता येत नाही."

त्या गोंधळल्या. मग गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी दोन्ही सांगितली आणि ख्रिस्ती आहोत हेही सांगितलं. त्या साताऱ्याकडच्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं आणि त्यांनी पुन्हा आत बोलावलं नाही. मी मनात म्हटलं, झालं, जित्याची खोड. इतक्या लांब येऊनही जात ओळखायला आडनाव पुरतंच.

तरी पुढच्या मंगळवारी मी जोडीदाराला घेऊन पुन्हा गेलो. धर्माबिर्माचं निमित्त, खरं सांगायचं तर मला मराठी ऐकायचं होतं, मग ते साताऱ्याचं का असेना. मावशींनी दाराबाहेर दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. त्या स्वतः दाराच्या आत उभ्या राहून बोलल्या. सून नोकरीला, नातू शाळेत, तो आजीशी इंग्रजीत बोलणार. दिवसभर भिंतींकडे बघत बसायचं. बोलता बोलता त्या थांबल्या.

"तू आत का येत नाहीस ते मला कळलंय," त्या म्हणाल्या. अहोजाहो कधी गळून पडलं ते मला कळलंच नाही. "आमच्या गावात तुमची माणसं पायरीशीच थांबायची. आम्हीच थांबवायचो, मीसुद्धा. खोटं कशाला बोलू? परवा तुझं आडनाव ऐकलं आणि मला बोलवेना, लाज वाटली. पण तू अजून पाळतोस? इथं कोण बघतंय? ये आत."

मी खाडकन उठून उभा राहिलो. तिरस्कार समजून मी आठवडाभर मनातल्या मनात या बाईशी भांडलो होतो, आणि ती होती लाज.

"मावशी, तसं नाही हो. आमच्या चर्चचाच नियम आहे. घरात बाई एकटी असली की..."

"माझ्या वयाच्या बाईला?" त्यांना ते बिलकुल पटलं नाही. मी त्यांची समजूत घालतोय असंच त्यांना वाटलं. "आणि खरंच असेल तसा नियम, तर माणसाला दारात उभा करणारा देव तू एवढ्या लांबून हुडकून आणलास होय रे?"

हे लागलं. माझे पणजोबा महारवाड्यातले. कुणीतरी 'आत ये' म्हणालं म्हणून ते ख्रिस्ती झाले, असं आमच्या घरात सांगतात. आणि इथे एक बाई डोळ्यांत पाणी आणून तेच शब्द म्हणत होती, आणि मी टाय लावून पायरीवर उभा होतो. आता वळून गेलो असतो, तर मी जात पाळली असंच तिच्या मनात कायमचं राहिलं असतं.

मी जोडीदाराला इंग्रजीत सगळं सांगितलं. जात म्हणजे काय इथपासून. माझा आवाज चढला होता. नियम मोडला तर साप्ताहिक पत्रात वरिष्ठांना कळवावं लागे, आणि त्याच्यासारख्याकडून मी कसलीच अपेक्षा केली नव्हती. तो खुर्चीवरून उठून दारापाशी आला.

"नियम कशासाठी आहे? लोकांनी आपल्याबद्दल वाईट समजू नये म्हणून," तो म्हणाला. "आणि ती तर आत्ता तेच समजतेय. मी दार उघडं धरून उभा राहतो. मला दिसशील असा बस. पत्रात आपण दोघं लिहू."

मी बूट काढले आणि आत गेलो. स्वयंपाकघरातलं टेबल दारातून दिसत होतं, तिथे बसलो. मावशींनी स्टीलच्या पेल्यात पाणी आणून माझ्या हातात दिलं आणि समोर उभ्या राहिल्या. परक्याच्या घरी भांडं उष्टं करायचं नाही, हे आईने लहानपणापासून अंगात भिनवलेलं. मी सवयीने मान मागे टाकली आणि पेला ओठांपासून वर धरला.

"तोंड लावून पी," मावशी म्हणाल्या.